छाटणीआधी कागद करा: टिलबर्गहून सांगलीकर संशोधकांसाठी

नेदरलँड्सच्या दक्षिणेला टिलबर्ग आहे. वस्तीने आपल्या सांगली-मिरजेपेक्षा लहान. २०११ साली इथल्या विद्यापीठातल्या तीन तरुण संशोधकांनी आपल्याच विभागातल्या डीडेरिक स्टापेल या बड्या प्राध्यापकाविरुद्ध तोंड उघडलं. त्याची आकडेवारी रचलेली निघाली आणि पुढे ५८ निबंध मागे घ्यावे लागले. तेव्हापासून इथे संशोधनाची तपासणी हाच एक अभ्यासविषय झालाय.

पण असे स्टापेल थोडे. जास्त घोळ होतो तो सरळमार्गी माणसांच्या हातून.

समजा, तासगावच्या द्राक्षबागेत एम.एस्सी.चा विद्यार्थी नवं संजीवक फवारतो. मण्याचा व्यास, घडाचं वजन, ब्रिक्स (रसातली साखर), आम्लता आणि तडकलेले मणी, अशा पाच गोष्टी मोजतो. फरक फक्त ब्रिक्समध्ये दिसतो, म्हणून प्रबंध ब्रिक्सवर लिहिला जातो. खोटं काहीच नाही. तरी ही पाच मोजमापं एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर औषधाच्या जागी नुसतं पाणी मारलं असतं तरी कुठेतरी 'फरक' निघण्याची शक्यता एका मोजमापाला धरतात तशी ५ नव्हे, जवळपास २३ टक्के होते.

यावर उपाय म्हणजे पूर्वनोंदणी. फळछाटणीआधीच लिहून टाकायचं: मुख्य मोजमाप कुठलं (एकच!), छाटणीनंतर कितव्या दिवशी घेणार, कुठली सांख्यिकी चाचणी लावणार, डाऊनी (केवडा रोग) आलेली वेल वगळणार असाल तर पानांवर किती टक्के डाग असल्यावर. हा शेवटचा मुद्दा हमखास राहतो, आणि मग नको असलेल्या वेली नेमक्या 'रोगट' ठरतात. कागद ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर फुकट चढवता येतो. तारखेचा शिक्का बसतो आणि हवं तर चार वर्षांपर्यंत तो बंद ठेवता येतो. अवकाळी पाऊस झाला, बेत बदलला, तर निबंधात तसं सरळ लिहावं. त्यात कमीपणा कसला?

आता रेप्लिकेशन, म्हणजे तोच प्रयोग अनेक स्वतंत्र तुकड्यांवर करणं. चार ओळींना औषध, शेजारच्या चार ओळी कंट्रोल (बिनऔषधी), आणि दोन्हीकडून शंभर-शंभर घड. तक्त्यात एन (नमुन्यांची संख्या) २०० लिहिलेला असतो. खरं तर प्रत्येक बाजूला तुकडा एकच आहे. जमिनीचा उतार, ड्रिपचा दाब, कडेची हवा, सगळं त्या तुकड्याबरोबर आलं. घड कितीही मोजा, रेप्लिकेशन एकच राहणार. आरबीडी (बागेचे गट पाडून प्रत्येक गटात औषध कुठल्या तुकड्याला हे चिठ्ठीने ठरवायची पद्धत) आपल्याकडे शिकवतात, पण बागायतदार म्हणतो, "फवारणी एका दमात होऊ दे," आणि चिठ्ठ्या टाकायच्या राहून जातात. चिठ्ठ्या टाका, मग ट्रॅक्टर काढा.

छापून आलेलं तपासायलाही सोय आहे. टिलबर्गच्याच संशोधकांनी स्टॅटचेक नावाची आज्ञावली वापरून मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतले निबंध तपासले. २०१६ साली आलेला निकाल असा, की सांख्यिकी चाचण्या असलेल्या निम्म्या निबंधांत निदान एक पी-मूल्य (खरा फरक नसताना योगायोगानेच एवढा फरक दिसण्याची शक्यता) त्याच चाचणीच्या बाकी आकड्यांशी जुळत नव्हतं. मात्र ही आज्ञावली त्या विषयाच्या ठराविक मांडणीतले आकडेच वाचते. शेतीच्या निबंधातले तक्ते तिला कळत नाहीत.

त्यामुळे आपल्या कामाची चाचणी 'ग्रिम': छापलेली सरासरी तेवढ्या माणसांतून येऊ शकते का, हे ती बघते. तिला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. निबंधात लिहिलंय: २८ बागायतदार, समाधानाचे गुण १ ते ५, सरासरी ३.४८. गुण पूर्णांकी, म्हणजे बेरीजही पूर्णांकीच हवी. २८ गुणिले ३.४८ होतात ९७.४४. बेरीज ९७ धरली तर सरासरी ३.४६ येते, ९८ धरली तर ३.५०. ३.४८ येऊच शकत नाही. दोन दशांश दिले असतील तर ही युक्ती शंभराच्या आतल्या नमुन्यांना चालते. ब्रिक्ससारख्या अपूर्णांकी मोजमापाला ती लावू नये.

लगेच लबाडीचा शिक्का मारू नका. २८ ऐवजी २७ करून बघा: ९४ भागिले २७, बरोबर ३.४८. बहुधा एकाने त्या प्रश्नाचं उत्तरच दिलं नव्हतं, आणि तक्त्याखाली ते लिहायचं राहिलं.