पूर्वेकडून पश्चिमेकडे

आज दिवसभर बेरिल मार्कहॅम डोक्यात आहे. जन्म १९०२चा, इंग्लंडमधला. वाढली मात्र केनियात. आधी शर्यतीच्या घोड्यांची प्रशिक्षक, मग वैमानिक. शिकाऱ्यांसाठी विमानातून हत्तींचे कळप शोधून द्यायचं कामही तिने केलं.

४ सप्टेंबर १९३६ला ती इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनहून एकटीच निघाली. विमान पर्सिव्हल व्हेगा गल, एक इंजिन, लाकडी बांधणी, रेडिओ नाही. अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडणं जास्त कठीण, कारण तिथले वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून येतात. समोरच्या वाऱ्यात जमिनीच्या हिशेबाने वेग घटतो, म्हणजे त्याच अंतराला जास्त तास आणि जास्त इंधन. म्हणून केबिनमध्येही जादा टाक्या बसवल्या होत्या. एक रिकामी झाली की हाताने पुढची उघडायची, तीही अंधारात, समुद्रावर, इंजिन बंद पडत असताना!

शेवटी घात केला तो बर्फाने. टाकीत हवा आत घेणारी नळी गोठली की इंधन उपसलं जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि प्रवाह अडखळतो. टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी. वीसेक तासांच्या उड्डाणानंतर ती कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या दलदलीत उतरली, विमानाचं नाक चिखलात रुतलं. न्यूयॉर्क गाठायचं होतं, ते राहिलं, पण इंग्लंडहून या दिशेने एकटीने, न थांबता अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली.

तिचं 'वेस्ट विथ द नाईट' हे आठवणींचं पुस्तक १९४२मध्ये आलं, युद्धाच्या धामधुमीत मागे पडलं आणि १९८३च्या पुनर्मुद्रणानंतर गाजलं. माझ्या मते केनियातल्या बालपणाची प्रकरणं उड्डाणाच्या प्रकरणाहूनही सरस आहेत. जरूर वाचा.