मास्तर आणि मिस्तरी

पावसाळा आला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा मधला दरवाजा फुगतो. दरवर्षी खांद्याने ढकलून भागतं. यंदा कडीच बसेना, म्हणून मिस्त्रीकाकांना बोलावलं. आई त्यांना मिस्तरी म्हणते, ते स्वतःला सुथार म्हणवतात. आणि मिस्त्री आडनावाचे आमचे शेजारी बँकेत आहेत. खिळा ठोकायला हातोडा आमच्याकडूनच नेतात.

काकांनी बिजागऱ्या खोलून दरवाजा अंगणात आडवा टाकला. गेरूत भिजवलेल्या दोऱ्याचं एक टोक मला धरायला लावलं, दुसरं स्वतः ताणलं, मधे चिमटीत उचलून सोडलं. फळीवर लाल सरळ रेघ! ‘बे सूत वधारे छे,’ म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रेघेपर्यंत रंधा मारायचा, बस.

आपला सुतार आणि गुजरातीतला सुथार, दोघेही संस्कृत ‘सूत्रधार’मधून आलेले. सूत्र धरणारा. मला आजवर सूत्रधार म्हटलं की नांदीनंतर येणारा तोच आठवायचा.

मिस्त्री मात्र समुद्रावरून आला. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ म्हणजे उस्ताद, कामात मुरलेला माणूस. कोकणात त्याचं मेस्त्री झालं, इकडे मिस्त्री. (काकांचं घमेलं आणि ती बिजागरीही पोर्तुगीजच.) मेस्त्रेचं मूळ लॅटिन ‘मागिस्तेर’, आणि इंग्रजी मास्टरचंही तेच. म्हणजे मास्तर आणि मिस्तरी सख्खे चुलतभाऊ!

माझे आजोबा शाळामास्तर. आमच्याकडे मास्तरांना खुर्ची आणि कपबशी, मिस्तरींना ओटा आणि कान तुटलेला कप. तो कप फडताळात वेगळा असायचा, हे लिहितानाही बरं वाटत नाही. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं होतं, हातातल्या कसबाला रीतसर शाळा म्हणून. आजोबा त्यावरून रोज सायकलने जात. घरातला कप काही बदलला नाही.

काम संपलं. दरवाजा एका बोटाने मिटला. आईने चहा चांगल्या कपातून दिला, मी आजोबांची खुर्ची पुढे केली. कपडे भुशाने भरलेत म्हणून काका बसले नाहीत. चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायले, मग खुर्ची उलटी करून मागचा पाय हलवून पाहिला.

‘सांधो छूटी गयो छे,’ म्हणाले. ‘आना पर कोई बेसता नहीं.’