मंजूर नकाशातली मोकळी जागा मोजायची कशी

गृहप्रकल्पाच्या जाहिरातीतल्या ‘70 टक्के ओपन स्पेस’मध्ये ड्राइव्ह-वे, साइड मार्जिन (इमारत आणि कुंपण यांमधली पट्टी), व्हिजिटर पार्किंग आणि पोडियमवरचं, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या सपाट गच्चीवरचं, गवत असं सगळं धरलेलं असतं. नियमाने सोडावी लागणारी करमणुकीची मोकळी जागा, म्हणजे बोलीभाषेतली ‘आरजी’, ही वेगळी असते आणि नकाशावर स्वतंत्र आखून दाखवावी लागते. मंजूर नकाशाच्या एरिया स्टेटमेंटमध्ये, म्हणजे क्षेत्रफळांच्या तक्त्यात, ‘आवश्यक’ आणि ‘प्रस्तावित’ असे तिचे दोन आकडे असतात. सुरुवात तिथून करा, पण तिथेच थांबू नका.

मुंबईत डीसीपीआर 2034 ही विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. त्यानुसार 1001 ते 2500 चौ.मी. भूखंडाला 15 टक्के, 10,000 पर्यंत 20 टक्के आणि त्यापुढे 25 टक्के आरजी लागते. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी 2020 ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर चालते. तिथे 4000 चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या जमिनीला 10 टक्के.

समजा भूखंडातून वजा करायची जागा काही नाही आणि भूखंड 6000 चौ.मी.चा आहे. मुंबईत 1200 चौ.मी. आरजी. त्यातली किमान 60 टक्के, म्हणजे 720, जमिनीवरच हवी, आणि या 720 पैकी निम्मी, 360 चौ.मी., ‘मदर अर्थ’वर, म्हणजे पाणी जिरेल अशा उघड्या मातीवर. उरलेली 480 पोडियमवर चालते. यामागे इतिहास आहे. पूर्वी बिल्डर आरजी उचलून सरळ पोडियमवर नेत. किमान आरजी जमिनीवरच हवी, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2013 मध्ये बजावलं. त्यानंतर आलेली ही 60-40 ची वाटणी माझ्या मते तडजोडच आहे, पण निदान मोजता येते.

360 चौ.मी. माती खरोखर आहे का, हे तळमजल्याच्या नकाशावर कळत नाही. तिथे हिरवा पट्टा दिसतोच. बेसमेंटचा नकाशा त्याच स्केलवर घ्या, दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. बेसमेंटची भिंत हिरव्या पट्ट्याखालून जात असेल तर ती माती नव्हे, स्लॅबवरचा भराव आहे. पाणी जिरत नाही, वड-पिंपळ सोडा, आंबाही धड वाढत नाही आणि काही वर्षांनी खालच्या पार्किंगमध्ये गळती सुरू होते. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्यांची झाकणंही अशीच शोधा. हिरवळीत मध्येच चौकोनी लोखंडी झाकण दिसलं की खाली काय आहे ते विचारायचं.

आता आकार. एकूण टक्के बरोबर भरूनही जागा निरुपयोगी निघते ती इथे. यूडीसीपीआरमध्ये आरजीची कोणतीही बाजू 10 मीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि सरासरी रुंदी 20 मीटरपेक्षा कमी असेल तर लांबी रुंदीच्या अडीचपटीपेक्षा जास्त चालत नाही. हिशोब करून बघा: 6000 चौ.मी.ला 10 टक्के म्हणजे 600 चौ.मी. ती 10 बाय 60 ची गल्ली करून दाखवता येत नाही, कारण 10 मीटर रुंदीला लांबी 25 वरच थांबते. एकाच तुकड्यात 600 बसवायचे तर सरासरी रुंदी साडेपंधरा मीटरच्या आसपास हवीच. कुंपणालगतचे उरलेसुरले कोपरे जोडून बेरीज केलेली दिसली, तर स्केलपट्टी घेऊन प्रत्येक तुकडा मोजा.

चालण्याच्या जागेची गफलत वेगळी. इमारतीभोवतीचा अग्निशमन गाडीचा रस्ता सहा मीटर मोकळा ठेवायचा असतो. त्यावरच पट्टे मारून ‘जॉगिंग ट्रॅक’ विकला जातो. पट्टे मारायला हरकत नाही, पण तो आरजीत मोजायचा नाही आणि तिथे बाक-कुंड्या मांडायच्या नाहीत. फायर ऑडिटमध्ये त्या उचलायला लावतात. खरी पायवाट गाड्यांपासून कर्बने वेगळी असते. सार्वजनिक फुटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर आहे, आवारातही तेच माप धरा. व्हीलचेअरचा रॅम्प 1:12 पेक्षा चढा नको. पोडियमवर आरजी दाखवली असेल तर लिफ्ट त्या मजल्यावर थांबते का, हेही बघा. गाड्यांच्या रॅम्पवरून मुलं खेळायला जात असतील तर ती आरजी कागदावरचीच.

नकाशा महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मिळतो. नसेल तर पालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज. नोंदणीकृत प्रकल्पात मंजूर लेआउट किंवा सामाईक जागा बदलायला रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती लागते. ही संमती कराराच्या गठ्ठ्यात आधीच सही करून घेतलेली नाही ना, एवढं तपासा. एकाच लेआउटमध्ये तीन-चार सोसायट्या असतील तर कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन सोसायट्यांच्या नावावर होण्याच्या, वेळी आरजीचा मापांसकट नकाशा दस्ताला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या आणि त्यातला अविभक्त हिस्सा मजकुरात लिहून घ्या. नुसतं ‘कॉमन आरजी’ म्हटलं की पुढच्या विंगच्या वेळी तिची जागा सरकते.