आमची वाटचाल : आइंडहोवनचं वर्कशॉप आणि ब्रुसेल्सचा पैसा

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर पाच युरोपियन प्रोजेक्टांचे लोगो आहेत. खाली निळ्या झेंड्याशेजारी ते ठरावीक वाक्य: हे काम युरोपियन युनियनच्या निधीतून झालं. नातेवाईक सांगलीत लोकांना सांगतात, याला युरोपचं सरकार पैसे देतं. ऐकायला बरं वाटतं. पण युरोपचं सरकार आम्हाला थेट पैसे देत नाही. ते प्रोजेक्टातल्या मुख्य भागीदाराला, म्हणजे समन्वयकाला (कोऑर्डिनेटरला) देतं, आणि तो आम्हाला देतो. या एका वाक्यात आमच्या कंपनीचा निम्मा इतिहास आहे.

मी वालचंद कॉलेजचा, इलेक्ट्रॉनिक्स. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला मास्टर्स केलं आणि नंतर इथे आइंडहोवनला एका मोठ्या कंपनीत चिप टेस्टिंगला लागलो. मंदीत आमचा विभाग गुंडाळला, तेव्हा मी आणि माझा एक डच सहकारी, दोघांनी २०१० मध्ये बीव्ही, म्हणजे डच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, काढली. तेव्हा बीव्हीला १८,००० युरो भांडवल दाखवावं लागायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती अट गेली. आता पोरं खिशातल्या चिल्लरीवर कंपनी काढतात आणि वर गुंतवणूकदार शोधत फिरतात. असो.

आमचा धंदा वायरलेस सेन्सर नोडचा, म्हणजे मोजमाप करून ते रेडिओवरून पाठवणाऱ्या बॅटरीवरच्या छोट्या डब्यांचा. त्यातला टेलॉसबी नावाचा जुना बोर्ड ज्यांनी हाताळलाय त्यांना जास्त सांगायला नको. एमएसपी४३० प्रोसेसर, सीसी२४२० रेडिओ, १० किलोबाइट रॅम, ४८ किलोबाइट फ्लॅश आणि मागे दोन पेन्सिल सेल. त्यात स्वीडनमधून आलेली कॉन्टिकी नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. एवढ्याशा जागेत रेडिओ, राउटिंग, सेन्सर सगळं कोंबताना अंगाला जी शिस्त लागते ती आजच्या गिगाबाइटवाल्यांना कधी लागायची नाही.

पहिलं प्रोजेक्ट मिळालं ते थेसालोनिकीच्या एका प्राध्यापकांमुळे. एका कॉन्फरन्समध्ये ते आमच्या टेबलापाशी आले, बोर्ड उलटा करून अँटेनाची जागा बघितली आणि म्हणाले, "हे कोणी काढलंय त्याला भेटायचंय." बोर्ड मी काढला होता. तेव्हा एफपी७ चालू होतं, म्हणजे युरोपियन युनियनचा संशोधननिधीचा सातवा फ्रेमवर्क प्रोग्रॅम, २००७ ते २०१३. त्यात छोट्या कंपनीला संशोधनखर्चाचे ७५ टक्के मिळायचे आणि उरलेले २५ टक्के आपले आपण घालायचे. प्राध्यापकांनी आम्हाला हार्डवेअरचं आख्खं वर्क पॅकेज, म्हणजे प्रोजेक्टच्या कामाचा एक स्वतंत्र भाग, दिला. बाकीचे भागीदार म्हणत होते, या दोन माणसांच्या कंपनीला डिसेमिनेशन द्या. म्हणजे माहितीपत्रकं छापायची आणि ट्विटर चालवायचं. छोट्या कंपनीच्या गळ्यात हेच मारतात. कोणी मारायला आलं तर घेऊ नका. त्यात पर्सन-मंथ (एका माणसाचं महिन्याभराचं काम) जातात आणि शेवटी हातात स्वतःचं म्हणून दाखवायला काही उरत नाही.

प्रयोगाची जागा होती वेस्टलँड. हेगपासून समुद्रापर्यंत काचघरंच काचघरं. तिथल्या एका टोमॅटोवाल्याने आम्हाला त्याच्या काचघरात घुसू दिलं. माणूस कमी बोलणारा. कागदपत्र, लेटर ऑफ सपोर्ट वगैरे गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. सही केली, पण कागद वाचला नाही.

डिसेंबरात रोपं लावली तेव्हा आमचं नेटवर्क दृष्ट लागण्यासारखं चाललं. विद्यापीठाच्या सिम्युलेशनप्रमाणे एकही पॅकेट हरवत नव्हतं. एप्रिल आला, वेली तारांवर चढल्या, पानांची भिंत झाली आणि मधल्या ओळींतले नोड एकेक करून गप्प झाले. पानात पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झला पाणी खपत नाही. सिम्युलेशनमध्ये टोमॅटोच नव्हता! प्राध्यापकांचे विद्यार्थी राउटिंगचा अल्गोरिदम बदलू म्हणत होते. मी आणि माझ्या भागीदाराने पाइपच्या रुळांवरच्या ट्रॉलीत बसून, मांडीवर स्पेक्ट्रम अॅनलायझर घेऊन ओळीन् ओळ मोजली आणि सरळ ८६८ मेगाहर्ट्झवर गेलो. नवा रेडिओ, नवी अँटेना, नवा बोर्ड. डिलिव्हरेबलमध्ये, म्हणजे ब्रुसेल्सला द्यायच्या अहवालात, या सगळ्याला 'किरकोळ हार्डवेअर बदल' असं नाव पडलं.

सेन्सरचंही सांगायला हवं. आम्ही सेन्सिरिऑन कंपनीचे एसएचटी सेन्सर वापरायचो. उत्तम वस्तू, पण सतत दमट हवेत राहिली की आर्द्रतेचं रीडिंग हळूहळू वर सरकतं. डेटाशीटमध्ये उपाय दिलेला आहे: १०० ते १०५ अंशांवर दहा तास कोरडं भाजायचं आणि मग ७५ टक्के आर्द्रतेत बारा तास ठेवायचं. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी क्लायमेट चेंबर असतो. आमच्याकडे घरातून काढलेला जुना ओव्हन होता आणि झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा होता. डब्यात जाडं मीठ घालायचं, वर इतकंच पाणी की लगदा व्हावा, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. वर जाळी ठेवून तिच्यावर सेन्सर ठेवायचे आणि झाकण लावायचं. आत आर्द्रता आपोआप ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, तापमान थोडंफार इकडेतिकडे झालं तरी. हे भौतिकशास्त्र फुकट आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला मी पहिल्या दिवशी हा डबा करायला लावतो. ज्याला कंटाळा येतो तो पुढे टिकत नाही.

बॅटरीनेही छळलं. लिथियम थायोनिल क्लोराइडची बॅटरी पडून राहिली की आत लिथियमवर पापुद्रा धरतो. रेडिओ उठून एकदम करंट मागतो, व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि प्रोसेसर रीसेट होतो. टेबलावर हे कधीच दिसत नाही, कारण टेबलावर कोणी बॅटरीला झोपू देत नाही. शेजारी एक मोठा कपॅसिटर लावला आणि प्रश्न मिटला. दहा-वीस सेंटचा कपॅसिटर. तो शोधायला एक उन्हाळा गेला.

२०१२ ते २०१५ ठीक गेली. माणसं वाढली, आम्ही मोठ्या जागेत गेलो, एफपी७ च्या जागी होरायझन २०२० सुरू झालं आणि संशोधनाच्या प्रोजेक्टांत १०० टक्के खर्च मिळू लागला, वर ओव्हरहेडपोटी सरसकट २५ टक्के. याच काळात एका कंपनीशी ओळख झाली. ती डॅशबोर्ड बनवायची. आम्हीच तिला कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या भागीदारांच्या गटात, आणली, नाव घेत नाही. ब्रुसेल्सला युरोपियन कमिशनच्या बोलियू इमारतीत रिव्ह्यू होता. डेमोसाठी आमचा नोड टेबलावर ठेवलेला. चहा घेऊन परत येतो तो डब्यावर त्यांच्या लोगोचं स्टिकर! विचारलं तर म्हणे, ब्रँडिंग एकसारखं दिसावं म्हणून. परीक्षकांनी डबा हातात घेतला, कौतुक केलं आणि प्रश्न त्यांना विचारले.

त्याच कंपनीने पुढच्या कॉलला, म्हणजे प्रपोजल मागवण्याच्या फेरीला, आम्हाला वगळलं, तेही कसं पाहा. डेडलाइन ब्रुसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी पाचची असते. त्या वेळी सांगलीत साडेआठ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. पोर्टलवर मुदत संपेपर्यंत कितीही वेळा प्रपोजल चढवता येतं, शेवटचं ग्राह्य. आमचं नाव असलेली आवृत्ती दुपारी मी स्वतः पाहिली होती. साडेचारनंतर लॉगिन केलं तर प्रपोजल माझ्या यादीतच नाही. फोन उचलला नाही. पुढे प्रोजेक्ट मंजूर झालं आणि कॉर्डिसवर, म्हणजे युरोपियन प्रोजेक्टांच्या अधिकृत वेबसाइटवर, सारांश आला. काचघराचा परिच्छेद माझा होता, माझ्या वाक्यरचनेसकट. तक्रार करून काय मिळणार? तेव्हा प्रपोजलला परिच्छेद देण्याआधी दोन पानांचा करार करून घ्या. लोक म्हणतात त्याने संबंध बिघडतात. बिघडू द्या.

पण त्या कंपनीने फार तर मनस्ताप दिला. बुडायची वेळ आणली ती दुसऱ्याच प्रोजेक्टाने.

ते २०१६ च्या जानेवारीत सुरू झालं. तीन वर्षांचं, अठरा-अठरा महिन्यांचे दोन टप्पे. समन्वयक म्हणून आमच्यापेक्षा थोडी मोठी अशी एक सॉफ्टवेअर कंपनी होती. सुरुवातीचा अॅडव्हान्स, म्हणजे प्रीफायनान्सिंग, वेळेवर वाटला गेला. पहिला टप्पा जून २०१७ मध्ये संपला. अहवाल साठ दिवसांत द्यायचा आणि त्यानंतर नव्वद दिवसांत ब्रुसेल्सने पैसे सोडायचे असा नियम. पण अहवाल सगळ्यांचा मिळून एकच जातो. एका भागीदाराच्या हिशोबाचे कागद येईनात. त्याला वगळून, त्याचा खर्च शून्य धरून पुढे जाता येतं, तशी सोय आहे. समन्वयकाने ते केलं नाही. नंतर प्रोजेक्ट ऑफिसरने खुलासे मागवले. खुलासा मागवला की नव्वद दिवसांचं घड्याळ थांबतं. इकडे आमचं घड्याळ चालूच होतं. पगार दर महिन्याला, भाडं दर महिन्याला.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रुसेल्सने पैसे सोडले. ऑफिसरने आम्हाला तसं कळवलंही. आमचा वाटा १ लाख १० हजार युरो. मार्च गेला. समन्वयकाकडून ईमेल आली, बँकेची अंतर्गत प्रक्रिया चालू आहे. एप्रिलमध्ये आली ती ईमेल त्याच मजकुराची, नुसती तारीख बदललेली. मे महिन्यात कळलं की कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलाय. आमचे पैसे त्यांनी स्वतःच्या पगारांना वापरले होते.

मी ब्रुसेल्सला फोन केला. ऑफिसर बाई भल्या होत्या, वाईट वाटतंय म्हणाल्या आणि ग्रँट अॅग्रीमेंटचं कलम २१.७ वाचून दाखवलं. समन्वयकाला पैसे दिले की कमिशनची देण्याची जबाबदारी संपली. मी गॅरंटी फंडाचं विचारलं. तो फंड कमिशनचं नुकसान भरून काढायला असतो, आमचं नाही. वर आणखी एक: भागीदार बुडाला तरी तांत्रिक काम उरलेल्यांनी पूर्ण करायचं असतं. म्हणजे पैसे गेले आणि काम वाढलं. दिवाळखोरीच्या यादीत आमचा नंबर सामान्य घेणेकऱ्यांत लागला. त्या यादीतून आजपर्यंत काही आलेलं नाही.

मे महिना म्हणजे हॉलंडमध्ये सुट्टीचा भत्ता द्यायचा महिना, वर्षाच्या पगाराच्या आठ टक्के, पगाराबरोबर. तो टाळता येत नाही. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाला, ग्रँटचं येणं आम्ही तारण धरत नाही. कंपनीतल्या माझ्या भागीदाराच्या घरी दुसरं बाळ आलेलं, त्याने एएसएमएल या चिपची यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत नोकरी धरली. राग नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. बायको म्हणाली, "माझा पगार आहे ना, तू पोरांचे पगार आधी दे." मी माझा पगार बंद केला, तरी गणित बसत नव्हतं.

टोमॅटोवाल्याकडे मी गेलो होतो ते बॅटऱ्या बदलायला. त्याने विचारलं, चेहरा असा का? सांगितलं. तो सहा हेक्टरचा नवा विभाग बांधत होता, आणि त्याला नोड हवे होते ते पुढच्या वर्षी. म्हणाला, "आत्ताच बिल पाठव, सगळ्याचं. तुम्ही बंद पडलात तर माझ्याकडच्या डब्यांच्या बॅटऱ्या कोण बदलणार?" आठवड्याच्या आत पूर्ण रक्कम खात्यात आली. ना करार, ना बँक गॅरंटी. केपीएन या डच टेलिफोन कंपनीने २०१६ मध्ये देशभर लोरा (कमी विजेवर लांब पोचणारं रेडिओ) नेटवर्क सुरू केलं होतं आणि त्याच्याकडे स्वस्त लोरावाले चकरा मारत होते, हे मला माहीत होतं. त्याने ते बोलूनही दाखवलं नाही.

दुसरीकडे, याही प्रोजेक्टात असलेल्या थेसालोनिकीच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या विद्यापीठाला समन्वयक व्हायला लावलं. अशी दुरुस्ती कमिशनकडून मंजूर करून घेणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्यांचं वय तेव्हा निवृत्तीजवळ, गरज काही नव्हती. दुसऱ्या टप्प्याचे पैसे त्यांनी मिळताच त्याच आठवड्यात वाटले आणि बँकेच्या पावतीचा फोटो सगळ्यांना पाठवला.

तेव्हापासून आमचे नियम ठरलेत. उत्पन्नात प्रोजेक्टांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. कन्सॉर्शियम अॅग्रीमेंट डेस्का नावाच्या तयार नमुन्यावर असेल तरी त्यात दोन ओळी घालायच्या: समन्वयकाने पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि वाटपाची मुदत दिवसांत लिहायची. बोर्डचे स्किमॅटिक बॅकग्राउंडच्या, म्हणजे आधीपासून आपल्या मालकीच्या गोष्टींच्या, यादीत आधीच टाकायचे, नाहीतर तीन वर्षांनी ते 'आपण सगळ्यांनी मिळून केलेलं' होतं. टाइमशीट शुक्रवारी भरायची. होरायझन २०२० मध्ये ऑडिटरला वर्षाचे १,७२० तास तोंडपाठ असायचे, त्यानंतरच्या होरायझन युरोपमध्ये ते २१५ दिवस झाले; तुम्हालाही असू देत. आता होरायझन युरोपमध्ये लम्पसम प्रकार वाढलाय, टाइमशीट नाही, वर्क पॅकेज पूर्ण झालं की ठरलेली रक्कम. लोक खूश आहेत. पण दुसऱ्या कोणाचं काम अडलं आणि पॅकेज अपुरं राहिलं तर तुमचेही पैसे अडकतात, हे कोणी नीट वाचलेलं दिसत नाही.

सध्या वर्कशॉपमध्ये आम्ही सात जण आहोत, त्यात दोघं मराठी, एक इचलकरंजीचा आणि एक डोंबिवलीची. टोमॅटोवाल्याच्या मुलाने आता धंदा हातात घेतलाय आणि तो बापापेक्षा जास्त घासाघीस करतो. हार्डवेअर करणारा भागीदार कोणाला प्रपोजलमध्ये हवा असेल तर जरूर कळवा. आधी बजेटचा तक्ता आणि समन्वयकाचे मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद पाठवा, कल्पनेबद्दल मग बोलू.