सहा जुलै की तेरा जुलै

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या सॅक्रिस्टनबाईंचा, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचा, फोन आला. रविवारी त्या मला कधीच फोन करत नाहीत.

"घरी आहेस ना? जुन्या दफनभूमीत माणसं येऊन उभी आहेत. खुर्च्याबिर्च्या घेऊन."

"आज तिकडे काय आहे?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच पोटात गोळा आला. आज तिकडे काय आहे हे मीच छापलं होतं.

पश्चिम आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात मी आठवड्यातून दोन सकाळी काम करते. नवरा नर्स, त्याच्या नोकरीमागे इथे आलो. मी मूळची वसईची, त्यामुळे मिस्सा, नोव्हेना, वर्षस्मरण ही कामाची भाषा मला शिकावी लागली नाही. 'मंथ्स माइंड' म्हणजे मरणानंतर महिन्याने होणारी मिस्सा, हेसुद्धा मुंबईच्या पेपरांतल्या निधनवार्तांमुळे माहीत होतं. शिकावं लागलं ते दर आठवड्याला मी छापते त्या धर्मग्रामाच्या पत्रकाच्या मागच्या पानावरचं. एक ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, मधोमध घडी. पुढे आठवड्याच्या मिस्सा आणि त्या कोणासाठी ते. मागे बाकीचं सगळं जग: गेलिक फुटबॉल क्लबच्या लोट्टोचे आकडे (जॅकपॉट कोणालाच लागला नाही, तो नेहमीच कोणालाच लागत नाही), मंगळवारी हॉलमध्ये 'पंचवीस'चे पत्ते, टायडी टाउन्सच्या सफाईला येताना हातमोजे आणा, सामुदायिक पाणीयोजनेची लाइन दुरुस्तीसाठी बंद, सायलेजचे (गुरांसाठी चारा मुरवून ठेवण्याचे) दिवस आहेत तेव्हा रस्त्यावर ट्रॅक्टर जपून. एखादं हरवलेलं कुत्रं. बातम्या येतात त्याही कशा, तर लिफाफ्याच्या पाठीवर लिहून दुकानात माझ्या हातात कोंबलेल्या. "जागा असली तर टाक हं."

आणि उन्हाळ्यात दफनभूमींच्या आशीर्वादाच्या तारखा.

आमच्या वसईत कबरी सजतात त्या दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी. फुलं, मेणबत्त्या, आदल्या दिवसापासून घासाघीस. इथे तो मान उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारला. धर्मग्रामात दफनभूमी दोन-चार असतात, फादर मात्र एकच, आणि तोही आता शेजारच्या धर्मग्रामासोबत वाटून घेतलेला. म्हणून प्रत्येक दफनभूमीला आपापला रविवार. जुलैचा शेवटचा रविवार सोडून, कारण त्या दिवशी निम्मी काउंटी यात्रेसाठी क्रो पॅट्रिकच्या डोंगरावर चढलेली असते, काहीजण अनवाणी. ठरलेल्या रविवारी प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी उभं राहतं, भोंग्यावरून रोजरी होते, गेल्या वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात, आणि फादर ओळींमधून पवित्र पाणी शिंपडत फिरतात. नाताळला न येणारी माणसं या दिवशी येतात. डब्लिनहून, इंग्लंडहून.

गेल्या वर्षीची फाइल उघडून तारखा बदलायच्या, एवढंच माझं काम होतं. नवी दफनभूमी 6 जुलै, जुनी 13 जुलै. मी तारखा बरोबर लिहिल्या, जागा उलट्या. चार आठवडे ते तसंच छापलं. चार आठवडे!

तेही मेयोत. या काउंटीला एक शाप आहे म्हणतात. 1951 साली मेयोचा पुरुषांचा गेलिक फुटबॉल संघ अखिल आयर्लंड चषक जिंकून परत येत होता. फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती, खेळाडू जल्लोषात होते, थांबले नाहीत. त्या दिवसापासून चषक नाही. कथा खरी असो नसो, 1951 नंतर चषक नाही हे खरं आहे, आणि मयताचा मान राखला नाही तर काय होतं हे इथल्या लहान पोरालाही या गोष्टीतून कळतं. गाडी चालवताना मला तेच आठवत होतं.

जुनी दफनभूमी मध्ययुगीन चर्चच्या पडक्या भिंतीभोवती आहे. तिथवर जाणारा रस्ता एका गाडीचा, मधून गवत उगवलेला. फाटकाशी पाचसहा गाड्या उभ्या. मी मोजली, एकोणीस माणसं. सगळी आपापल्या कबरीपाशी, एकमेकांपासून दूर, कोटाच्या खिशात हात घालून. भोंगा नाही, फादर नाहीत. फादर त्या वेळी चार मैलांवर नव्या दफनभूमीत होते, कारण त्यांच्या डायरीत बरोबर लिहिलेलं होतं.

मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे, आशीर्वाद पुढच्या रविवारी आहे.

कोणी काही बोललं नाही. मग एक बाई म्हणाल्या, "हवा तरी काय सुंदर पडली आहे." दुसरे कोणीतरी म्हणाले की आलोच आहोत तर गवत काढू. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आमच्याकडे एव्हाना दोघांनी धर्मग्राम कमिटीला फोन लावला असता.

भिंतीजवळच्या कबरीपाशी एक ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर थर्मास. मी त्यांना मनात आजोबाच म्हटलं. ते मँचेस्टरहून विमानाने नॉकला उतरले होते आणि सोमवारी परत जाणार होते. धाकटा भाऊ शेतावर राहिला होता, हे सतराव्या वर्षी इंग्लंडला बांधकामावर गेले. भाऊ जानेवारीत गेला. तेव्हा यांचं ऑपरेशन झालेलं, येता आलं नाही. आज त्याचं नाव वाचलं जाईल म्हणून आले होते.

नॉकचा तो विमानतळ हाही एका धर्मगुरूचाच उद्योग. मॉन्सिन्योर जेम्स होरन यांनी दलदलीच्या टेकडीवर तो बांधून घेतला. लोक हसले, सरकारने मध्येच हात आखडता घेतला, तरी 1986 मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. त्याच वर्षी होरन फ्रान्समधल्या लुर्द्सच्या यात्रेत वारले आणि त्यांचं शव त्यांच्याच विमानतळावर उतरलं. मेयोतल्या लोकांना घरी येता यावं म्हणून बांधलेला विमानतळ, आणि घरी आलेल्या माणसाला मी चुकीचा रविवार दिलेला.

"नावांची यादी तुझ्याकडेच असते ना?" त्यांनी विचारलं.

यादी फोनमध्ये होती.

"मग वाच की."

मी म्हटलं, ते फादरांचं काम आहे. ते म्हणाले, फादर नसताना रोजरी म्हणायची सवय इथल्या लोकांना फादरांपेक्षा जुनी आहे. तोवर हवा सुंदर म्हणणाऱ्या बाईंनी पर्समधून माळ काढलीसुद्धा. माणसं आपापल्या कबरी सोडून भिंतीजवळ गोळा झाली. त्यांनी रोजरीचं एक दशक, म्हणजे दहा 'नमो मारिया', म्हटलं, आणि मी वाचायला लागले. नाव आणि वाडी, नाव आणि वाडी. वाड्यांची नावं इथे बॅली, नॉक, क्लून, डेरी अशी सुरू होतात: गाव, टेकडी, कुरण, ओकचं बन. लिहिते मी ती रोज. मोठ्याने कधी म्हटली नव्हती. आजोबांच्या भावाच्या वाडीपाशी मी अडखळले. त्यांनी ते नाव हळू म्हणून दाखवलं. मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा जमलं असावं, कारण ते पुढच्या नावाची वाट बघू लागले.

पावणेपाचला फादर आले, झगा हातावर टाकून. सहाला त्यांची शेजारच्या धर्मग्रामात मिस्सा होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, थेट ओळींत शिरले आणि एकोणीस माणसांच्या कबरींवर पाणी शिंपडलं. दहा मिनिटांत परत गाडीत. जाताना काच खाली करून म्हणाले, "पुढच्या रविवारी नव्या दफनभूमीत कोणीतरी उभं राहील बघ." ते मला सुचलंच नव्हतं. चूक उलटी होती, म्हणजे घोळही दुसऱ्या बाजूने होणार होता. त्या रात्री मी वेबसाइट दुरुस्त केली, पाटी लिहिली, आणि बाहेरगावच्या जितक्या नातेवाइकांचे नंबर मिळाले तितके फोन केले.

पण त्या एकोणीस जणांत एक गोष्ट मला घरी आल्यावर लक्षात आली. गावातलं एकही माणूस नव्हतं. सगळे बाहेरचे. सोमवारी दुकानात मी लिफाफ्यावर बातम्या लिहून देणाऱ्या एका बाईंना विचारलं, तुम्ही पत्रक वाचलं नव्हतं का?

"वाचलं की. पहिल्याच आठवड्यात दिसलं. जुन्याचा जुलैतला दुसरा रविवार असतो, सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं गं."

चार आठवडे अख्खं गाव माझी चूक वाचत होतं आणि मला जपत होतं! मला खरंच राग आला, आणि हसूही. गावातली माणसं पत्रक वाचतात ती आपल्याला ठाऊक आहे तेच छापलंय ना हे ताडून बघायला. त्यावर विश्वास ठेवून तिकीट काढतात ती गेलेली माणसं. मी स्वतः रात्री फोनवर वसईच्या चर्चच्या बातम्या वाचते, तेव्हा मीही त्यातलीच. तिकडे तारीख चुकली असली तर मला कोण सांगणार?

तेव्हापासून पत्रक छापायला टाकण्याआधी मी शुक्रवारी तिघा बायकांना फोन करून वाचून दाखवते. तिघी बरोबर आहे म्हणतात. मग मी विचारते, "नक्की?" आणि थांबते. तेव्हा कुठे एखादी म्हणते, आता विचारतेच आहेस म्हणून सांगते.

या जानेवारीत कार्यालयात मँचेस्टरहून फोन आला. या वर्षी जुनी दफनभूमी कधी?

"बारा जुलै," मी म्हटलं.

"कोणाला विचारलंस?"

"तिघींना."

"हं." पलीकडे कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. "आणि लोट्टो?"

"नाही लागला."

"माझं तिकीट आहे त्यात," आजोबा म्हणाले.