रूटडेव्ह 1/42
2004 च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेतून सकाळी सातला फोन आला. रात्री वीज पडली होती, सर्व्हर उठत नव्हता. मी तेव्हा अशा शाखांच्या सर्व्हरची देखभाल करायचो. बहुतेक ठिकाणी मांडणी सारखीच: एससीओ ओपनसर्व्हर ही विकतची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळ्या कार्डाला जोडलेली एक स्कझी डिस्क, सिरियल केबलने जोडलेले आठ-दहा डंब टर्मिनल, म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड.

उघडून पाहिलं तर स्कझी कार्ड जळालेलं. डिस्क मात्र फिरत होती. जळालेलं कार्ड अॅडॅप्टेकचं 2940 होतं. तसंच दुसरं कुठे मिळेना, म्हणून दुपारपर्यंत 29160 आणून बसवलं. कार्डाच्या बायोसला, म्हणजे त्यातच कायम बसवलेल्या छोट्या प्रोग्रामला, डिस्क दिसली, सिस्टिम सुरू करण्याची सूचना मागणारा बूट प्रॉम्प्ट आला, मागे उभ्या शाखाधिकाऱ्यांनी श्वास सोडला. एंटर दाबलं. चार-सहा ओळी सरकल्या आणि पॅनिक, म्हणजे सिस्टिम जागीच थांबली: एरर 6, माउंटिंग रूटडेव्ह 1/42. ज्या डिस्कवरून चालायचं तीच तिला सापडत नव्हती.

"अहो, डेटा गेला का?"

गेला नसणार, असं मला वाटत होतं. बूट प्रॉम्प्टपर्यंत डिस्क वाचण्याचं काम कार्डाचा बायोस करतो. कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, ताबा घेतला की त्याला कार्डाशी बोलणारा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि या कर्नलमध्ये होता तो 'अलाड', फक्त जुन्या चिपा ओळखणारा. पण वाटणं वेगळं आणि लोकांच्या ठेवींबद्दल खात्रीने बोलणं वेगळं.

बॅगेत नॉपिक्सची सीडी होती, म्हणजे थेट सीडीवरून चालणारी फुकटची लिनक्स. तिच्यावरून मशीन उठवलं. लिनक्सने मला काही विचारलं नाही. 'एलएसपीसीआय' ही मशीनमधल्या कार्डांची यादी देणारी कमांड मारल्यावर चिपचं नाव समोर आलं: एआयसी-7892. 2940 आणि 29160, दोन्ही पिढ्यांना तिथे एकच मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, चालतं, 'एआयसी7एक्सएक्सएक्स', आणि ते आपोआप चढलंही होतं. डिस्क 'एसडीए' म्हणून हजर. ओपनसर्व्हरची एचटीएफएस फाइलसिस्टिम लिनक्सला वाचता येत नव्हती, त्यामुळे खाती बघता येणार नव्हती. पण 'डीडी' या कॉपी करणाऱ्या कमांडने अख्खी डिस्क दुसऱ्या आयडीई डिस्कवर जशीच्या तशी उतरवली. एकही रीड एरर आली नाही. तेव्हा कुठे शाखाधिकाऱ्यांना म्हणालो, "साहेब, डेटा आहे."

चिपचं नेमकं नाव कळल्याने पुढचा शोध सोपा झाला. सायबर कॅफेतून 'एडी160' ड्रायव्हरची फ्लॉपी इमेज उतरवली. पहिली फ्लॉपी खराब निघाली, दुसरी चालली. बूट प्रॉम्प्टवर डीफॉल्ट स्ट्रिंगपुढे लिहिलं: लिंक=एडी160, एसडिस्क=एडी160(0,0,0,0). चार शून्यं म्हणजे कार्ड, बस (कार्डावरची वाहिनी), आयडी (डिस्कचा क्रमांक), लन (तिचा उपक्रमांक), सगळं पहिलंच. यातली एकही गोष्ट ओपनसर्व्हर स्वतः शोधत नाही, आपण सांगायची. मशीन उठलं. मग ड्रायव्हर कायमचा बसवला, स्कझी उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या 'एमस्कझी' फाइलमधल्या डिस्कच्या ओळीत 'अलाड' खोडून 'एडी160' केलं आणि कर्नल पुन्हा लिंक करायला लावला. ती काही मिनिटं खोलीत कुणीच बोललं नाही.

फुकट ते चांगलं आणि विकतचं वाईट, असं मी त्या दिवसानंतरही कधी म्हटलं नाही. एमस्कझीत एकदा लिहिलेली डिस्क वर्षानुवर्षं त्याच नावाने सापडते. लिनक्सवर तेव्हा मधल्या आयडीवर एक डिस्क वाढवली की 'एसडीबी'ची 'एसडीसी' व्हायची आणि एफएसटॅब, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी, चुकायचा. बँकेत ते परवडत नाही. पण अनोळखी कार्ड समोर असताना ते काय आहे हे स्वतः बघून सांगणारी सिस्टिम जवळ असलीच पाहिजे, या मताचा मी त्या दिवसापासून झालो. त्यानंतर नॉपिक्सच्या दोन सीड्या बॅगेत ठेवू लागलो. प्रत्येक शाखेच्या सर्व्हरची एलएसपीसीआयची यादीही छापून कॅबिनेटच्या आत चिकटवली.

संध्याकाळी पावणेसहाला टर्मिनलांवर लॉगिन आलं. पिग्मी एजंट वह्या घेऊन बाकावर बसले होते. शाखाधिकाऱ्यांनी आधी कालच्या रोजकीर्दीची छापील प्रत काढली, अखेरच्या शिलकेवर बोट ठेवलं आणि स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचला. पैशासकट जुळला.