आजीची गोधडी मोठी करताना

लेकीचा पलंग सहा फुटी, आजीची गोधडी जेमतेम चार. साडीचा पन्हाच 45 इंचांच्या आसपास, एका पन्ह्याची गोधडी आणखी किती रुंद होणार!

सकाळी कडेला सरळ फुटाची पट्टी जोडली, तर शिवणीवर शेताचा बांध उभा राहिला. फोनवर आई म्हणाली, "अगं, सगळे थर एकाच रेषेत कशाला जोडतेस? मागेपुढे सरकव."

मग वीतभर धावदोरा उसवला, आतली लुगडी सुटी केली आणि प्रत्येक थर दोन-दोन बोटं सरकवून जोडला. वरून चौकोनी ठिगळं. जुन्या टाक्यांतूनच नवा दोरा पुढे नेला. आता जोड हाताला लागत नाही. (उसवताना आजीची जांभळी इरकल सापडली, त्यात अर्धा तास गेला.)

एक बाजू झाली. दुसरी पुढच्या रविवारी, अंगुस्तान घालून.